चैत्रातील बेगमी
सोलापूर जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकरी कुटुंबासाठी एक पाठ

फाल्गुन सरत आला की सोलापूर जिल्ह्यात ज्वारीची खळी उठू लागतात. रास घरी येते, कडब्याच्या पेंढ्या गाडीवर चढतात आणि वर्षातील सर्वांत अधिक धान्य व सर्वांत अधिक वैरण शेतकऱ्याच्या दारात असते ती याच दिवसांत. परंतु देणेकऱ्यांचे तगादे, लग्नसराई आणि गावोगावच्या यात्राही नेमक्या याच दिवसांत येतात. त्यामुळे राशीचा मोठा भाग खळ्यावरूनच बाजाराची वाट धरतो. पुढे भाद्रपदात पाऊस हुकला म्हणजे तेच कुटुंब विकलेल्या भावाच्या दीडपट-दुप्पट भावाने ज्वारी आणि कडबा विकत घेताना दिसते. दुष्काळाशी सामना करण्याची तयारी पाऊस हुकल्यानंतर करावयाची असते, ही समजूत या नुकसानीच्या मुळाशी आहे. वस्तुतः पाऊस हुकल्यावर करण्यासारखे फार थोडे उरते. दुष्काळाची तयारी सुकाळाच्या चैत्रात करावी लागते.

ही शिकवण या जिल्ह्याला नवी नाही. ज्वारीचे कोठार म्हणून मंगळवेढ्याची ख्याती जुनी आहे. तेथील ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. बहामनी राजवटीत, घोर दुष्काळ पडला असता, दामाजीपंतांनी तेथील सरकारी धान्यकोठारे भुकेलेल्यांसाठी खुली केली, ही कथा महाराष्ट्रातील घराघरांत सांगितली जाते. दामाजीपंतांच्या औदार्याला लोक आजही वंदन करतात. पण या कथेत आणखी एक बोध आहे. कोठारे आधी भरलेली होती, म्हणूनच ती उघडता आली.

दुष्काळाचे बदलते रूप

जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सुमारे ५५० मिलिमीटर आहे. पावसाचा मोठा भाग परतीच्या दिवसांत, विशेषतः सप्टेंबर महिन्यात पडतो. रब्बी ज्वारी याच पावसाने जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. म्हणून एक सप्टेंबर कोरडा गेला तर केवळ एक पाऊस गेला असे होत नाही. घरची भाकरी आणि गोठ्यातील कडबा ही दोन्ही एकदम जातात. १८७६ साली दख्खनमध्ये असाच पाऊस हुकला आणि त्यानंतरच्या भीषण दुष्काळात सोलापूर जिल्ह्याची मोठी हानी झाली. १९७२ चा दुष्काळ आजही वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येतो. त्या वेळी धान्याची टंचाई मोठी होती. परदेशातून आलेला तांबडा मिलो खाऊन माणसांनी दिवस काढले. २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षांची टंचाई निराळी होती. स्वस्त धान्य दुकानात धान्य मिळत होते. पण पिण्याचे पाणी टँकरने येत होते आणि जनावरे चारा छावणीत बांधावी लागत होती. यावरून असे दिसते की, बेगमी ही केवळ धान्याची करून भागत नाही. धान्य, बियाणे, वैरण, भाजीपाला आणि ओल या पाचही गोष्टींचा विचार एकत्र केला पाहिजे.

संकटाआधी घरात साठा असावा हा विचार जगात इतरत्रही मान्य झालेला आहे. स्वीडनच्या शासनाने २०१८ साली घरोघरी पत्रक वाटून युद्ध वा आपत्तीच्या प्रसंगासाठी अन्नपाण्याची सोय करून ठेवण्यास नागरिकांना सांगितले. तेथे अपेक्षा काही दिवसांच्या साठ्याची आहे. कोरडवाहू शेतकऱ्याचा हिशेब मात्र महिन्यांनीच करावा लागतो.

अठरा महिन्यांचा हिशेब

साठा किती असावा, याचे उत्तर पीकचक्रातच आहे. या चैत्रात घरात आलेली ज्वारी पुढील फाल्गुनापर्यंत, म्हणजे बारा महिने, पुरली पाहिजे हे उघड आहे. परंतु मधला रब्बी हंगाम बुडाला तर त्या फाल्गुनात खळे उठणार नाही. त्यानंतर घरात येऊ शकणारे पहिले धान्य म्हणजे पुढल्या खरिपाची बाजरी. ती भाद्रपद-आश्विनात हाती येते. तेव्हा एक रब्बी हंगाम बुडूनही कुटुंबाने तग धरावा, असे वाटत असेल तर चैत्रापासून अठरा महिन्यांची तरतूद हवी.

पाच माणसांच्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. लहानथोर मिळून दर माणशी रोज सरासरी ४०० ग्रॅम धान्य धरले तर घरास रोज २ किलो, महिन्यास ६० किलो आणि अठरा महिन्यांस १० क्विंटल ८० किलो धान्य लागेल. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबाला दर माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते. असे कुटुंब असल्यास दरमहा २५ किलोची सोय तेथून होते आणि घरच्या साठ्यातून ३५ किलोच काढावे लागतात. अठरा महिन्यांस ही गरज ६ क्विंटल ३० किलो होते. पाहुणारावळा आणि घट यांसाठी थोडे अधिक धरून सात क्विंटल, म्हणजे शंभर किलोची सात पोती, बाजूला ठेवावीत. हा आकडा खळ्यावर माप पडण्याआधी ठरवावा. त्याहून अधिक जे असेल तेच विक्रीचे धान्य होय.

रोख पैशाची निकड असेल तर काय करावे, हा प्रश्न साहजिक आहे. विक्रीचे धान्यही सुगीच्या पडत्या भावात लगेच विकण्याची आवश्यकता नसते. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत राबविली जाते. माल गोदामात ठेवून त्यावर कर्ज घेता येते व भाव सुधारल्यावर माल विकता येतो. आपली बाजार समिती ही योजना राबविते किंवा कसे, याची चौकशी आधीच करून ठेवावी.

वाळवण आणि साठवण

साठविलेल्या धान्याचे तीन शत्रू आहेत: ओल, कीड आणि उंदीर. यांपैकी ओल ही इतर दोघांची वाट मोकळी करते. ज्वारीतील ओलाव्याचे प्रमाण शेकडा १२ पेक्षा अधिक नसावे. कडधान्यात ते शेकडा १० च्या आसपास असावे. यंत्र नसले तरी परीक्षा करता येते. दाणा दाताखाली धरून फोडावा; कट्‌ असा आवाज होऊन तो तुटला तर वाळला, दबला तर ओला समजावा. दुसरी परीक्षा मिठाची. कोरड्या काचेच्या बाटलीत धान्य आणि चांगले वाळविलेले मीठ घालून बाटली हलवावी व थोडा वेळ ठेवावी. मीठ काचेला चिकटले तर धान्यात ओल फार आहे असे जाणावे.

धान्य सारवलेल्या जमिनीवर किंवा ताडपत्रीवर दोन-तीन बोटे थर पसरून उन्हात द्यावे आणि मधूनमधून हलवावे. सायंकाळी ते लगेच पोत्यात भरू नये. गरम धान्य कोठीत गेले की त्याला घाम सुटतो आणि तीच ओल बुरशीला कारण होते. रात्री झाकून पूर्ण निवू द्यावे व मग भरावे. जुनी पोती उलटी करून झटकून कडक उन्हात घालावीत. जुने धान्य आणि नवे धान्य एकत्र करू नये. जुन्यातील सोंडे नव्यात जाण्यास एक रात्रही पुरते. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हात-दीड हात अंतर सोडून रचावीत.

पत्र्याची घट्ट झाकणाची कोठी ही लहान कुटुंबास सर्वांत सोयीची. कणगी वापरावयाची असेल तर ती आतून-बाहेरून शेण-मातीने लिंपून, पूर्ण वाळल्यावरच भरावी. कडधान्य शक्यतो डाळ करून ठेवावे, कारण भुंगेरे सबंध दाण्यावर अंडी घालतात. सबंध ठेवावयाचे झाल्यास दर किलोस सुमारे ५ मिलिलिटर खाद्यतेल चोळावे आणि वर कोरड्या वाळूचा तीन बोटे थर द्यावा.

खाण्याच्या धान्यात कोणतीही कीटकनाशक भुकटी मिसळू नये. धुरी देण्याच्या विषारी गोळ्या, ज्यांतून फॉस्फीन वायू सुटतो, त्या घरात आणून ठेवू नयेत. राहत्या घरात त्यांचा वायू पसरून माणसे दगावतात. अशी धुरी प्रशिक्षित व परवानाधारक व्यक्तीकडूनच आणि राहत्या घरापासून दूर द्यावयाची असते.

पेव: उपयोग आणि धोका

जिल्ह्यातील जुन्या घरांत आणि गावठाणांत अजूनही पेवे आढळतात. उंचवट्याच्या, घट्ट व पाणी न झिरपणाऱ्या जागी खणलेले, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद असे हे जमिनीतील कोठार होय. तळाशी व बाजूंनी कडब्याचा आणि भुसकटाचा थर देऊन धान्य भरीत आणि तोंड दगड-मातीने बंद करीत. पेवात ज्वारी वर्षानुवर्षे टिके, याचे कारण असे की, धान्य आणि त्यातील किडे श्वसन करून आतील प्राणवायू संपवितात व तेथे कार्बन डायऑक्साइड साठतो. त्या हवेत कीड जगत नाही.

ज्या हवेत कीड जगत नाही तेथे माणूसही जगत नाही. हा वायू हवेपेक्षा जड असून त्याला रंग नाही, आणि माणसाला सावध करील असा वासही नाही. पेव उघडून लगेच आत उतरलेला माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. त्याला काढण्यास उतरलेला दुसराही तेथेच राहतो. एका पेवाने एका घरातील दोन-तीन कर्ती माणसे नेण्याचे कारण हेच. म्हणून पुढील नियम कटाक्षाने पाळावेत.

१. तोंड उघडल्यावर पूर्ण दिवस पेव मोकळे ठेवावे. वरचे धान्य बाहेरूनच काढावे.
२. उतरण्यापूर्वी पेटता कंदील दोरीने तळापर्यंत सोडावा. तो विझला तर कोणीही उतरू नये. कंदील जळत राहिला, एवढ्यावरूनही निर्धास्त होऊ नये. पंख्याने किंवा धान्य उफणण्याच्या यंत्राने आत वारा घालावा.
३. उतरणाऱ्याच्या कमरेला व खांद्याखाली दोर बांधलेला असावा आणि वर किमान दोन धडधाकट माणसे असावीत. आतील माणसाशी सतत बोलत राहावे.
४. आतील माणूस बोलेनासा झाला तर त्यास दोराने वर ओढावे. त्याच्यामागे कोणीही उडी घेऊ नये.

बंद पडलेली विहीर साफ करतानाही हेच नियम लागू आहेत. पेवातील धान्याची उगवणशक्ती कमी होते, म्हणून पेवातील ज्वारी बियाण्यास वापरू नये.

बियाणे

बियाणे हा साठ्यातील सर्वांत लहान, पण सर्वांत मोलाचा भाग आहे. भूक अनावर झाली तरी त्याला हात लागू नये, यासाठी ते वेगळ्या भांड्यात, वेगळ्या जागी ठेवावे. या जिल्ह्यास मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळ येथील निवडीतून मिळाला आणि तो आजही भाकरी व कडबा या दोहोंसाठी लोकांच्या पसंतीस आहे. असा सरळ वाण शेतकरी घरचे घरी राखू शकतो. संकरित वाणाचे बी मात्र घरचे वापरून चालत नाही.

कणसे पीक उभे असतानाच निवडावीत. ती टपोऱ्या दाण्यांची व काणीमुक्त असावीत. एकरी ४ किलो बियाणे लागते. पाच एकरांस २० किलो होते. परंतु दुबार पेरणीचा प्रसंग गृहीत धरून ४० किलो राखावे. श्रावणात उगवणीची परीक्षा घ्यावी. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ओळीने मांडून गुंडाळी करावी, ती ओलसर ठेवावी आणि आठ-दहा दिवसांनी उगवलेले दाणे मोजावेत. पंचाहत्तरांहून कमी उगवले तर ते बियाणे खाण्यास काढून दुसऱ्याची तजवीज करावी. पेरणीपूर्वी दर किलोस ४ ग्रॅम बारीक गंधक चोळल्यास काणी रोगास आळा बसतो.

वैरण

मध्यम बांध्याच्या बैलास रोज सुमारे ८ किलो सुका चारा लागतो, असे धरून चालावे. तीन जनावरांस रोज २४ किलो, म्हणजे चैत्रापासून श्रावणातील हिरव्या गवतापर्यंतच्या १५० दिवसांस ३६ क्विंटल कडबा लागेल. वर्षभर हिरवे मिळालेच नाही तर हाच आकडा ८७ क्विंटलांवर जातो. दहा पेंढ्या तोलून सरासरी वजन काढले म्हणजे गंजीत किती दिवसांची वैरण आहे, हे कोणासही सांगता येईल. ती किती जनावरांस पुरेल, याचा निर्णय कडबा पाहून चैत्रातच घ्यावा. टंचाईच्या काळात गुरांचा भाव उतरलेला असतो. जे जनावर पोसणे शक्य नाही ते तेव्हा विकण्यात दुहेरी नुकसान होते.

गंज उंच जागी, खाली दगड घालून रचावी. माथा उतरता ठेवून शाकारावा. ती घर व गोठा यांपासून दूर असावी आणि जवळ पाण्याचे पिंप व वाळू ठेवावी. कुट्टी करून दिल्यास कडबा वाया जाण्याचे प्रमाण पुष्कळच कमी होते. ज्वारीचे फुटवे किंवा पावसाच्या ताणाने खुरटलेली कोवळी ज्वारी जनावरांस चारू नये. त्यामुळे किराळ लागून जनावर तडकाफडकी दगावते. भुकेच्या दिवसांत ही चूक अधिक होते.

परसबाग

टंचाईत पोट भाकरीने भरते. परंतु भाजीवाचून मुले व बाळंतिणी खंगतात. घरातील न्हाणी आणि भांडी घासण्याची जागा यांतून रोज शंभर लिटर सांडपाणी निघते असे धरले, तर दर झाडास पाच लिटरप्रमाणे वीस वेल-झाडे त्यावर जगू शकतात. गवार, भेंडी, चवळी आणि दोडका यांची लागवड चैत्रात करता येते. सांडपाणी वाळू-खड्यांच्या लहान खड्ड्यातून गाळून मुळाशी द्यावे. पाल्यावर पडू देऊ नये. फार साबणाचे पाणी वेगळे काढावे. शेवगा व कढीपत्ता यांसाठी या दिवसांत खड्डे खणून शेणखत भरून ठेवावे आणि पहिल्या पावसात रोपे लावावीत. शेवग्याचे झाड एकदा धरले म्हणजे पाण्यावाचूनही तग धरते आणि त्याचा पाला ही उत्तम भाजी आहे. चैत्र-वैशाखाचे ऊन फुकटचे आहे. गवारीच्या शेंगा, मेथी, सांडगे, पापड आणि कैरीच्या फोडी वाळवून बरण्या भरण्याचे काम गृहिणी करतात, तेही बेगमीचाच भाग होय.

जमिनीतील कोठार

सर्वांत मोठे कोठार शेतातच आहे. चैत्रात नांगरट करून हरळी-कुंदा वेचावा, फुटलेले बांध दुरुस्त करावेत. पुढे आषाढ-श्रावणात रब्बीच्या रानात सुमारे दहा मीटर लांबी-रुंदीचे वाफे पाडून पावसाचे पाणी जागच्या जागी मुरवावे. सोलापूर येथील कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात १९३३ पासून चाललेल्या कार्याचे सार हेच आहे की, पडलेला पाऊस रानातच अडविला तरच कमी पावसात पीक पदरात पडते.

रक्षण: बंदूक की राखण?

पिकवलेले राखावे कसे, हा शेवटचा प्रश्न. रानडुकरे आणि काळविटे यांच्या उपद्रवाने त्रासलेले शेतकरी स्वस्तातील बंदुकीची चौकशी करतात. याविषयी कायदा स्पष्ट आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्यावाचून बंदूक बाळगणे हा कैदेस पात्र गुन्हा आहे. पीकरक्षणाच्या खऱ्या गरजेसाठी तोंडाने भरावयाच्या ठासणीच्या बंदुकीस परवाना मिळण्याची तरतूद त्यात आहे; रायफल हे शेतरक्षणाचे साधन नव्हे. परवाना असला तरी वन्यप्राणी मारण्याची मुभा त्यातून मिळत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्यासाठी अधिकृत वनाधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. काळवीट तर पहिल्या अनुसूचीतील संरक्षित प्राणी आहे, आणि या जिल्ह्यात नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे. विनापरवाना स्वस्त बंदूक ही म्हणूनच सर्वांत महाग पडणारी वस्तू ठरते.

कुंपणाच्या तारेत घरचा वीजप्रवाह सोडणे हा तर त्याहून मोठा अपराध. त्या तारेवर रात्री बहुधा शेजारी, गुराखी किंवा घरचेच माणूस सापडते. त्याऐवजी सौर ऊर्जेवरील झटका-कुंपण, माळा, गोफण आणि शेजाऱ्यांनी पाळीपाळीने केलेली जागल हे मार्ग कमी खर्चाचे व निर्धोक आहेत. नुकसान झाल्यास विलंब न लावता वन विभागाकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. शासनाकडून भरपाई देण्याची तरतूद आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

पाडव्यानंतरच्या पंधरवड्यात गावातील दहा कुटुंबांसमवेत बसून प्रत्येकाचा अठरा महिन्यांचा हिशेब कागदावर मांडून द्यावा. गावातील पेवांची व बंद विहिरींची यादी करून पेवाचे चार नियम चावडीवर लावावेत. मिठाची आणि उगवणीची परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवावी. नुसते सांगून ती ध्यानात राहत नाही. बैठकीस घरातील स्त्रिया अवश्य असाव्यात, कारण कोठीची किल्ली आणि साठ्याची खरी माहिती त्यांच्याजवळ असते.

पाऊस कधी आणि किती पडावा हे शेतकऱ्याच्या हाती नाही. खळ्यावर माप पडताना किती पोती घरात ठेवावयाची, हे मात्र त्याच्याच हाती आहे, आणि ते ठरविण्याची वेळ चैत्रातच येते.